अर्धा फेरा

आवाज थांबला म्हणून दचकून जागी होणारी माणसं मी सोलापूरबाहेर पाहिली नाहीत. आमचं घर भवानी पेठेत. मागच्या भिंतीला भिंत लावून चादरींचा कारखाना, सहा मागांचा. आमच्याकडे सहा मागांनाही कारखानाच म्हणतात. दिवसरात्र खटॅक-खटॅक चालायचं. त्या तालावर आम्ही भावंडं झोपलो, पाढे पाठ केले, आजीचा जपही त्याच तालात व्हायचा. 2005 च्या आसपास भारनियमनाची वर्षं आली आणि रात्री-अपरात्री वीज जायला लागली. वीज गेली की माग थांबायचे आणि सगळी गल्ली उठून बसायची.

आम्ही नुसते उठून बसायचो. मामा कामाला लागायचे. मामा म्हणजे तिथले रात्रपाळीचे विणकर. नात्याचे कोणी नव्हेत, पण सोलापुरात वयानं मोठा माणूस मामाच असतो. घरी तेलुगू, रस्त्यावर मराठी आणि भांडायची वेळ आली तर दोन्ही. एका रात्री उकाड्यानं मी ओट्यावर येऊन बसलो होतो. त्यांनी माझ्या हातात बॅटरी दिली आणि आत चल म्हणाले. वीज गेली म्हणजे माग थांबला, माणूस सुटला, अशी माझी समजूत होती.

"थांबला कुठं ते बघायला नको?" मामा म्हणाले. "आधी धोटा कुठं हाय ते दाखव. लाइट आल्यावर नुसतं बटन दाबलं तर गेलं की सगळं. दोनशे-दोनशे तारा तुटतेत."

बॅटरीच्या उजेडात मी पाहिलं. उभ्या तारा अर्ध्या वर, अर्ध्या खाली, मधे बोगदा, आणि त्या बोगद्याच्या ऐन मध्यावर आडवा धागा नेणारा धोटा पडलेला. मिनिटाला शंभराच्या आसपास फेरे घेणारा माग. त्यातल्या एका फेऱ्याच्या मध्यावर वीज गेली होती. मामांनी धोटा काढून पेटीत ठेवला. मागाचं चाक हातानं उलटं फिरवलं, तोंड पुन्हा उघडलं आणि अर्धवट पडलेला आडवा धागा नखानं अलगद ओढून काढला. मला वाटलं झालं. तर ते मान वर करून मागाच्या वरच्या, नक्षी ठरवणाऱ्या जॅकार्डकडे बघत होते. पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ एक पत्ता पुढे गेली होती. तीही त्यांनी एक घर मागे घेतली. कापडातला फेरा आणि वरचा पत्ता जुळला नाही तर चादरीवरच्या मोराची मान तिथंच सरकते आणि ती चादर मग खराब मालात जाते.

सहा मागांना हे सगळं करायला त्यांना अर्धा तास लागला. तेवढ्यात वीज आली, पण त्यांनी बटण दाबलं नाही. सहावा माग व्हायचा होता.

इथे जॅकार्डच्या भोकांच्या पत्त्यांपासून संगणक कसा जन्मला हे सांगायचा मोह प्रत्येकाला होतो. सोलापूरच्या प्रत्येक अभियांत्रिकी पदवीधरानं ते एकदा तरी भाषणात ऐकलेलं असतं. त्यात तथ्यही आहे. पण पत्ते मागाला काय करायचं ते सांगतात. थांबायचं कसं, हे पत्त्यांवर कुठेच लिहिलेलं नसतं, आणि माझी सगळी फजिती नेमकी तिथं झाली.

त्याच सुमारास मला पहिली नोकरी लागली होती. टॉवेल बाहेरदेशी पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे मालाच्या नोंदींचा प्रोग्राम लिहायचा होता, जावामध्ये. गोदामातून किती गाठी निघाल्या, रवानगीत किती चढल्या, हिशेब जुळतो का, अशी मोठी पडताळणी रात्री चालायची. लवकर व्हावी म्हणून मी ती चार थ्रेडमध्ये वाटली होती. थ्रेड म्हणजे धागाच. एकाच प्रोग्रामात एकाच वेळी चालणारे कामाचे वेगवेगळे धागे, आणि सगळे एकाच मालावर हात चालवणारे. पडद्यावर 'रद्द करा' असं एक लाल बटण होतं. ते दाबलं की मी चारही थ्रेडना स्टॉप हा हुकूम द्यायचो. प्रोग्राम बांधताना दरवेळी एक सूचना यायची की ही पद्धत वापरू नका, ती नापसंत ठरवलेली आहे. मी म्हणायचो, चालतंय ना, मग झालं.

चाललं, काही महिने. मग एक दिवस चाळीस गाठी हरवल्या. गोदामातून वजा झाल्या होत्या, रवानगीत जमा झाल्या नव्हत्या. गोदामवाला चोर ठरायची वेळ आली. दोन दिवस माणसं एकमेकांकडे संशयानं बघत होती आणि चोरी माझ्या बटणात होती.

स्टॉप काय करतो ते मी त्यानंतर नीट वाचलं. दोन थ्रेडनी एकाच नोंदीला एकदम हात घालू नये म्हणून आपण कुलूप लावतो. आत गेलेला थ्रेड वजाबाकी करतो, मग बेरीज करतो, मग कुलूप उघडतो. तो आत असेपर्यंत बाकीचे दाराशी उभे राहतात. स्टॉपनं थ्रेड मरताना त्याच्या हातातली सगळी कुलूपं उघडत जातो. वजाबाकी झालेली, बेरीज राहिलेली, आणि दार सताड उघडं. पुढचा थ्रेड आत येतो, त्या अर्ध्या आकड्याला पूर्ण समजून पुढची गणितं करतो. शिवाय हा मृत्यू मुका असतो. पडद्यावर चूक झाल्याचा संदेश नाही, नोंदवहीत ओळ नाही. 1998 मध्ये जावाच्या 1.2 आवृत्तीतच ही पद्धत नापसंत ठरवली होती, कारण हेच. तरी ती पडून राहिली. अखेर 2023 मध्ये जावा 20 आलं तेव्हापासून स्टॉप म्हटलं की ते हुकूम पाळायलाच नकार देतं. पंचवीस वर्षं. कापडाच्या धंद्यात इतका धीर कोणी धरला नसता.

विंडोजमध्ये याच्या उलटी तऱ्हा. तिथंही बाहेरून थ्रेड मारून टाकायचा एक हुकूम आहे, आणि मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं की तो धोकादायक आहे. तिथं मेलेल्या थ्रेडच्या हातातलं नेहमीचं कुलूप उघडतच नाही. माणूस किल्ली खिशात घेऊन गेला, बाकीचे दाराशी ताटकळत. एकीकडे दार उघडं आणि आत पसारा, दुसरीकडे पसारा झाकलेला पण दार कायमचं बंद. निवड करायची तर मी दुसरं घेईन. अडकलेला प्रोग्राम निदान दिसतो तरी.

म्हणजे बाहेरून मारणं हे वीज जाण्यासारखं. माग कुठं आहे याच्याशी विजेला घेणंदेणं नसतं. धोटा कुठं आहे हे ज्याला ठाऊक त्यानंच थांबायला हवं, आणि बाहेरच्यानं फार तर सांगावं की थांब. हे कळायला मला चाळीस गाठी लागल्या.

मग मी खूण ठेवली. एक साधा हो-नाहीचा आकडा. 'रद्द करा' दाबलं की तो 'हो' व्हायचा. प्रत्येक थ्रेडनं एकेक नोंद पुरी करायची, मान वर करून ती खूण बघायची, नसेल तर पुढची नोंद. माझ्या टेबलावर छान चाललं. व्यापाऱ्याच्या सर्व्हरवर टाकलं आणि बटण दाबूनही थ्रेड थांबेनात. रात्रभर फिरत राहिले. मी तीनदा जाऊन बघितलं, खूण 'हो' झालेली होती.

कारण असं की माझ्या टेबलावर जावाचं हलकं यंत्र चालत होतं आणि सर्व्हरवर जास्त हुशार. हुशार यंत्रानं लूप पाहिला, आत ही खूण कोणी बदलत नाही हे ताडलं आणि ठरवलं की दरवेळी कशाला बघा, एकदाच बघू. सुरुवातीला 'नाही' होतं, म्हणून कायमचं 'नाही'. एका थ्रेडनं लिहिलेलं दुसऱ्याला दिसेलच असं नाही, हे तेव्हा मला विचित्र वाटलं होतं. खुणेच्या नावाआधी 'व्होलाटाइल' हा एक शब्द लावायचा होता. तो शब्द म्हणजे यंत्राला ताकीद, की हे दुसरा कोणीतरी बदलणार आहे, दरवेळी नव्यानं बघ.

तरी एक थ्रेड राहिलाच. तो रवानगीच्या यादीची वाट बघत झोपलेला असायचा. झोपलेल्याला खूण कशी दिसणार? त्याला हलवून उठवावं लागतं. जावात त्यासाठी इंटरप्ट आहे. जागा असेल तर इंटरप्टची खूण लागते, झोपला असेल तर उठतो आणि त्याच्या हातात एक अपवाद पडतो, 'तुला थांबायला सांगितलंय' असा. या अपवादाचं काय करायचं हे न कळून मी तो गिळून टाकला होता. रिकाम्या महिरपी कंसात. बहुतेक नवशिके हेच करतात, जुनेही करतात. आणि गंमत अशी की अपवाद हातात पडताना ती खूण पुसली जाते. म्हणजे निरोप माझ्यापर्यंत आला, मी तो वर सांगितला नाही, आणि आता तो कुठेच उरला नाही. थांबता येत नसेल तर निदान खूण पुन्हा लावून ठेवावी, म्हणजे ज्यानं मला बोलावलं त्याला ती दिसेल.

आजोबा गिरणीत होते. ते सांगायचे की भोंगा झाला की सगळ्या शहराला कळायचं, पण खात्यात यंत्रांच्या दणदणाटात भोंगा ऐकू यायचाच असं नाही. मग शेजारचा हात वर करायचा. तो बघून पुढचा. खात्याच्या टोकाला थांब हा शब्द हातांनीच पोचायचा. एकानं हात वर केला नाही की पुढची रांग चालूच.

जुन्या गिरण्यांची आणखी एक गोष्ट मला त्या वयात कळली नव्हती. छताखालून एक लांब शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून प्रत्येक मागाला पट्टा. मागावर शेजारी-शेजारी दोन पुल्या, एक मागाला घट्ट बसवलेली, दुसरी नुसतीच सैल फिरणारी. विणकरानं हँडल ओढलं की पट्टा घट्ट पुलीवरून सैल पुलीवर सरकायचा. शाफ्ट फिरतच राहिला, पट्टाही फिरतोय, माग तेवढा उभा. आजच्या प्रोग्रामांत थ्रेड असेच राखीव ठेवतात, एकाला एक काम संपलं की दुसरं देतात. तिथं 'रद्द करा' म्हणजे काम रद्द. थ्रेड मारायचा नसतो, त्याला सैल पुलीवर घ्यायचं असतं. नव्या मुलांना हे समजावताना मी कागदावर दोन चाकं काढतो. ती मुलं पुण्याची असतात, त्यांना पुली म्हणजे विहिरीचा रहाट वाटतो.

थांबायचं कुठं, हा मात्र सगळ्यात अवघड भाग, आणि तो मला टॉवेलनं शिकवला. टॉवेलवर जे मऊ फुगवटे असतात, ते बहुतेक मालात तीन आडव्या धाग्यांच्या जुळणीतून येतात. पहिले दोन धागे फणी कापडाला भिडवत नाही, जरा अलीकडेच सोडते. तिसरा धागा आला की फणी पुरी पुढे येते आणि तिन्ही धागे एकदम रेटते. त्या रेट्यात सैल उभ्या तारा वर फुगतात, तो फुगवटा. म्हणजे एक किंवा दोन धागे झाले तेव्हा टॉवेल झालेलाच नसतो. थांबायचं तर तिसऱ्यानंतर. मधेच थांबला आणि जुळणी न बघता चालू केला तर तिथं एक आडवी रेघ पडते, आणि ती रेघ धुऊन जात नाही.

मी दर नोंदीनंतर खूण बघत होतो, पण माझी नोंद म्हणजे दुसरा धागा होता. गोदामातली वजाबाकी एक नोंद, रवानगीतली बेरीज दुसरी. खूण बघायची ती दोन्ही झाल्यावर. मधे बघायची तर वजा केलेलं परत मिळवून ठेवायची तयारी हवी, मामांनी पत्ता एक घर मागे घेतला तशी. आणि ते मागे घेणं चालू असताना पुन्हा कोणी थांब म्हटलं तर ऐकायचं नाही. आवराआवर रद्द करता येत नाही. युनिक्सच्या जगात थ्रेडना घालून दिलेले नियम हेच सांगतात: ठरावीक ठिकाणीच रद्द हो, जाताना आवरायची कामं आधीच लिहून ठेव, आणि नाजूक भागात असताना कानावर हात ठेवायची मुभा. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये 2010 पासून रद्द करण्याचं टोकन आहे. एकाच्या हातात टोकन उठवायचा अधिकार, बाकीच्यांच्या हातात फक्त बघायचा. गो भाषेत 2016 पासून कॉन्टेक्स्ट आहे, तो वरून खाली प्रत्येक कामाच्या हाती जातो. नावं वेगळी असली तरी या सगळ्यांचा पाया विनंतीचाच आहे, सक्तीचा नाही.

खूण फार वेळा बघितली तर काम रेंगाळतं, फार कमी वेळा बघितली तर माणूस बटणावर बोट आपटत बसतो. याचं सूत्र कोणी देत नाही. मला विचाराल तर, बटण दाबणाऱ्याचा राग यायच्या आत, पण तीन धाग्यांच्या मधे नाही.

सोलापुरात थांबण्याचा विचार गिरण्यांवाचून पुरा होत नाही. इथली पहिली गिरणी, सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीत उभी राहिली. शहरानं तिला पुढे 'जुनी मिल' हेच नाव दिलं. ऑगस्ट 1949 मध्ये ती बंद झाली. जानेवारी 1950 मध्ये केंद्र सरकारनं वटहुकूम काढून तिचा कारभार हातात घेतला, पुढे त्याचा कायदा केला, आणि एका भागधारकानं त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. चिरंजीतलाल चौधरी खटला. राज्यघटना नवी कोरी होती, म्हणून समतेच्या हक्काच्या पहिल्या निकालांत सोलापूरच्या गिरणीचं नाव आलं. कायद्याचे विद्यार्थी आजही तो वाचतात, बऱ्याच जणांना सोलापूर कुठं आहे हे माहीत नसतं. आजोबांना निकालाशी देणंघेणं नव्हतं. ते एवढंच सांगायचे की गिरणी बंद झाली तेव्हा मागांवर कापड तसंच होतं. कुणी उतरवलं नव्हतं. आत जायलाच मिळालं नाही.

मला ते अर्धं कापड नेहमी दिसतं. त्याहून जास्त दिसते ती पगाराच्या वहीतली अर्धी ओळ, उधारीवर धान्य देणारा वाणी, लग्न ठरलेली पोर. एका धाग्यावर किती जणांची कुलूपं असतात, हे थांबवणाऱ्याच्या खोलीतून दिसत नाही.

उलटही पाहिलं पाहिजे. आतला एक धागाच तुटला तर बाकीच्यांनी काय करायचं? मागावर प्रत्येक उभ्या तारेवर एक पातळ पत्री पिन लटकलेली असते. तार ताठ आहे तोवर पिन अधांतरी. तार तुटली की पिन पडते आणि सबंध माग थांबतो. हजारो तारांतली एक. धागा तुटताच आपोआप थांबणाऱ्या मागांवर जपानच्या साकिची टोयोडा यांनी आयुष्य घालवलं. 1924 चा त्यांचा जी-माग प्रसिद्ध आहे, आणि त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लाट ब्रदर्सनी 1929 मध्ये विकत घेतले. त्यांच्या घराण्याची मोटार कंपनी आज सगळ्यांना माहीत आहे. माझ्या चार थ्रेडमधला एक चुकून पडला तर बाकीचे तीन काही झालंच नाही अशा थाटात चालू राहायचे आणि भोक पडलेलं कापड विणायचे. आता मी चौघांना एकाच मागावर घेतो. एक पडला की उरलेल्यांना थांबायचा निरोप जातो, आणि चौघेही थांबल्याशिवाय मी पडद्यावर 'रद्द झालं' असं लिहीत नाही. आधी लिहायचो. बटण दाबलं की लगेच 'रद्द झालं'. ते खोटं होतं. सांगितलं होतं, झालं नव्हतं.

एक उरलंच. बटण दाबलं आणि त्याच क्षणी काम पुरं झालं, तर? दोन्ही खरं. तेव्हा मी बरीच डोकेफोड केली आणि शेवटी ठरवलं की काम पुरं झालं असेल तर पुरं झालं असंच सांगायचं. विणून झालेली चादर उसवायची नाही. व्यापाऱ्याच्या मुनीमजींना ते पटलं नाही. मी रद्द म्हटलं होतं, ते म्हणाले.

भवानी पेठेतला तो कारखाना अजून आहे. सहातले दोन माग भंगारात गेले. मामांचं वय झालंय, आता ते फक्त दिवसपाळी करतात. परवा घरी गेलो होतो, दुपारी मागच्या दारानं आत गेलो. मामा शेवटच्या मागावर होते. तेवढ्यात त्यांची सून जेवायला बोलवायला आली. त्या दणदणाटात हाक मारून उपयोग नव्हता. तिनं दारातून हात वर केला. मामांनी बघितलं, मान हलवली. माग चालूच. मोराच्या पिसाऱ्याची ओळ पुरी व्हायची होती. आठ-दहा फेरे झाले, धोटा हाताकडच्या पेटीत आला, तेव्हा त्यांनी हँडल ओढलं. फणीजवळच्या कापडावरून एकदा हात फिरवला, वर पत्त्यांकडे पाहिलं. सून तोवर चौकटीला टेकून उभी होती. दुसऱ्यांदा हात केला नव्हता.

"कवा आलास बे?" मामा मला म्हणाले. "चल, जेवून घे."